कुलूप बँकेचे, बिल कोणाचे?

कर्ज थकल्यामुळे बँकेने ताबा घेतलेल्या घरांबद्दल आलेली काही निवडक पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रे सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांची, कर्जदारांची आणि लिलावात घर घेऊ पाहणाऱ्यांची आहेत. सगळ्यांनी विचारले आहे ते हेच, की दाराला बँकेचे सील लागल्यावर मेंटेनन्स, मालमत्ता कर, दुरुस्ती आणि दंड कोणी भरायचा?

उत्तरांकडे वळण्याआधी दारावर चिकटवलेली नोटीस नीट वाचा. तिच्यात 'सांकेतिक ताबा' लिहिले आहे की 'प्रत्यक्ष ताबा', हे पाहा. सांकेतिक ताब्यात कागद चिकटतो, वर्तमानपत्रात जाहिरात येते, पण माणसे घरातच राहतात. प्रत्यक्ष ताब्यात किल्ली बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याकडे जाते. मालकी मात्र दोन्हींत बदलत नाही. सरफेसी कायद्याखाली, म्हणजे तारण ठेवलेली मालमत्ता विकून कर्ज वसूल करण्याचा अधिकार बँकेला देणाऱ्या कायद्याखाली, ती बदलते लिलाव होऊन विक्री प्रमाणपत्र दिले गेल्यावर. ताबा आणि मालकी यांच्यामधल्या या काळात, जो कधी सहा महिन्यांचा तर कधी चार वर्षांचा असतो, सगळे वाद होतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीतील एक फ्लॅट बँकेने सील करून चौदा महिने झाले. मूळ सदस्याचा पत्ता नाही. बँक म्हणते, आम्ही सदस्य नाही, मेंटेनन्स देणार नाही. बिल कोणाच्या नावाने काढायचे?
— सोसायटी सचिव, डोंबिवली

बिल सदस्याच्याच नावाने काढत राहा. बँक सदस्य नाही हे तिचे म्हणणे खरे आहे. पण म्हणून बँकेला काहीच कळवायचे नाही असा अर्थ कमिटीने काढला, तर पैसे बुडण्याची सुरुवात तिथूनच होते.

सरफेसी कायद्याखालच्या २००२ च्या नियमांतील नियम ८(६) प्रमाणे विक्रीच्या नोटिशीत मालमत्तेचे वर्णन द्यावे लागते आणि त्यात बँकेला 'माहीत असलेले' बोजे नमूद करावे लागतात. सोसायटीची थकबाकी हा कायद्याच्या अर्थाने बोजा आहे का, यावर बँकेचे वकील वाद घालतात. घालू द्या. आपल्याला सिद्ध करायचे आहे ते एवढेच, की लिलावाच्या जाहिरातीआधी बँकेला ही रक्कम लेखी माहीत होती. एकदा ती जाहिरातीत छापून आली की खरेदीदार ती धरूनच बोली लावतो आणि हस्तांतरणाच्या वेळी हुज्जत होत नाही. जाहिरात निघून गेल्यावर पाठवलेल्या पत्राला ही ताकद नसते.

ताबा नोटिशीखाली प्राधिकृत अधिकाऱ्याची सही आणि शाखेचा पत्ता असतो. नोटिशीचा फोटो काढून ठेवा, कारण पावसात कागद गळून पडतो. पत्र रजिस्टर्ड पोस्टाने आणि ईमेलने, दोन्ही मार्गांनी पाठवा. त्यात फ्लॅट क्रमांक, सदस्याचे नाव, शेअर सर्टिफिकेट क्रमांक, मुद्दल थकबाकी वेगळी, व्याज वेगळे, दरमहा वाढणारी रक्कम आणि 'विक्रीच्या दिवसापर्यंत' हे शब्द हवेत. सोबत खातेउतारा जोडा. दर तिमाहीला आकडा सुधारून पुन्हा पाठवा.

त्याच वेळी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-२९ खाली उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करा. फ्लॅट बँकेच्या ताब्यात असला तरी दाखला वाया जात नाही. वसुली अधिकारी सदस्याच्या इतर मालमत्तेकडे वळू शकतो. शिवाय थकबाकीचा आकडा आता कमिटीपुरता राहत नाही, त्यावर निबंधकांच्या कार्यालयाचा शिक्का बसतो.

खातेउतारा देण्यापूर्वी व्याज तपासा. आदर्श उपविधींत कमाल २१ टक्के वार्षिक, तेही सरळव्याज, अशी मर्यादा आहे. तुमच्या नोंदणीकृत उपविधींत आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावात कमी दर असेल तर तोच लागू. हिशेबाचे सॉफ्टवेअर अनेकदा व्याजावर व्याज चढवते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. उदाहरण घ्या : दरमहा ३,५०० रुपये, ३६ महिने थकीत. मुद्दल १,२६,००० रुपये. २१ टक्के सरळव्याजाने व्याज साधारण ३८,६०० रुपये होते. तुमच्या उताऱ्यात याच आकड्यांवर व्याज लक्षणीय जास्त दिसत असेल तर चक्रवाढ लागली आहे. निबंधकांसमोर हा एकच दोष पूर्ण दावा अडकवून ठेवायला पुरतो.

बिनभोगवटा शुल्क लावलेले असेल तर ते काढून टाका. सदस्य स्वतः राहत नाही आणि दुसऱ्याला राहायला दिले आहे, यासाठी ते शुल्क असते, आणि तेही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. कुलूप लागलेल्या घरात कोणीच राहत नाही. घर अजून सांकेतिक ताब्यातच असेल आणि आत कुटुंब राहत असेल, तर चिडून पाणी तोडू नका. थकबाकी वसूल करायचा तो मार्ग नाही आणि तक्रार झाली तर कमिटीच अडचणीत येते.

प्रश्न : सील केलेल्या फ्लॅटमधून खालच्या घराच्या छतावर पाणी उतरते आहे. कुलूप तोडून दुरुस्ती करू का?
— कमिटी सदस्य, ठाणे

सील तोडू नका. ताबा बहुधा जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकारी यांच्या आदेशाने, सरफेसी कायद्याच्या कलम १४ खाली घेतलेला असतो. सील तोडलेत तर आतल्या प्रत्येक हरवलेल्या वस्तूचे उत्तर कमिटीला द्यावे लागेल.

सुदैवाने बंद घरातली गळती ओळखणे चालू घरापेक्षा सोपे असते. आत कोणी पाणी वापरत नाही, म्हणजे त्या घराच्या सांडपाण्याच्या पाइपचा, नहाणीच्या जाळीचा, बेसिनचा संशय आपोआप गळतो. उरतात तीन शक्यता : दाबाखालची पुरवठ्याची लाइन, डक्टमधला सामाईक उभा पाइप, किंवा पावसाचे बाहेरच्या भिंतीतून येणारे पाणी.

आधी त्या फ्लॅटचा स्वतंत्र व्हॉल्व्ह शोधा. तो डक्टमध्ये किंवा गच्चीवर असेल तर बंद करा. स्वतंत्र व्हॉल्व्ह नसेल तर गच्चीवरचा डाउनटेक (टाकीतून खाली येणारा सामाईक पाइप) बंद करू नका, त्या रांगेतल्या सगळ्या घरांचे पाणी जाईल. प्लंबरकडून डक्टमधल्या फाट्यावर स्टॉप व्हॉल्व्ह बसवून घ्या किंवा फाटा प्लगने बंद करा. हे काम घराबाहेर होते, सीलला हात लागत नाही. त्यानंतर चार-पाच दिवस थांबा. स्लॅबमध्ये मुरलेले पाणी लगेच सुकत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी ओल दिसली तर निष्कर्ष काढू नका. आठवड्याभरात ओल आटत गेली तर दोष फ्लॅटच्या आतल्या लाइनचा, म्हणजे सदस्याचा. ओल तशीच राहिली तर सामाईक पाइप पाहा. फक्त पावसातच वाढत असेल तर बाहेरची भिंत. या शेवटच्या दोन्हींची दुरुस्ती उपविधींप्रमाणे सोसायटीच्या खर्चाने होते, बँकेला पत्र लिहून उपयोग नाही.

दोष आतला असेल तर बँकेवर जबाबदारी टाकता येते. प्रत्यक्ष ताबा घेतलेल्या अधिकाऱ्याने, सामान्य शहाणपणाचा मालक स्वतःच्या मालमत्तेची जेवढी काळजी घेईल तेवढी घेतली पाहिजे, असे नियम ८(३) सांगतो. जतन, संरक्षण आणि गरज असल्यास विमा, हे नियम ८(४) मध्ये आहे. पत्रात हे दोन नियम लिहा, तारखेसह फोटो जोडा आणि ठरावीक दिवशी बँकेच्या प्रतिनिधीसमोर दार उघडून पंचनामा करून दुरुस्ती करण्याची मागणी करा. 'कृपया लक्ष घालावे' अशी पत्रे फाइलला लागतात. नियमाचा क्रमांक आणि नुकसानीचा अंदाजित आकडा असलेले पत्र पुढे कायदा विभागाकडे जाते.

प्रश्न : मुंबईत आमच्या इमारतीला कीटकनाशक विभागाची डासांच्या अळ्यांबद्दल नोटीस आली. अळ्या बँकेने सील केलेल्या फ्लॅटच्या ग्रिलमध्ये सापडल्या. दंड कोणाला?

ही नोटीस मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३८१ब खाली येते आणि दंड साधारण २ हजार ते १० हजार रुपयांपर्यंत असतो. मुदतीत लेखी उत्तर द्या. ताबा नोटिशीची प्रत, प्राधिकृत अधिकाऱ्याचा पत्ता आणि 'जागेचा प्रत्यक्ष ताबा सोसायटीकडे नाही' हे वाक्य त्यात हवे. नोटीस सोसायटीच्याच नावाने कायम राहिली आणि दंड भरावा लागला, तर तो सदस्याच्या खात्यावर नावे टाका आणि बँकेला कळवा.

पण उत्तर देऊन अळ्या मरत नाहीत. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. ग्रिलमधल्या कुंड्यांखालच्या ताटल्या, तुंबलेला सज्जाचा नळका आणि एसीचा ट्रे या बाहेरच्या जागा दोरी-शिडीवाल्याकडून साफ करता येतात. आतल्या दोन जागा जास्त त्रासदायक : फ्लशची टाकी आणि पोटमाळ्यावरची पाण्याची टाकी. पुढच्या वेळी बँकेचा माणूस मूल्यांकनासाठी किंवा बोलीदारांना घर दाखवण्यासाठी येईल त्या दिवशी त्याच्यासमोर या रिकाम्या करून पुसून घ्या आणि अँगल कॉक बंद करा. नहाणीच्या ट्रॅपमध्ये मात्र उलट करायचे. तिथले पाणी काही आठवड्यांत सुकते आणि गटाराचा वास व झुरळे वर येतात. पाणी ओतून वर चमचाभर खाद्यतेल घाला, पाणी उडून जायला जास्त वेळ लागतो आणि त्यात डासही होत नाहीत.

प्रश्न : बँकेने घराला कुलूप लावले. आता मी मेंटेनन्स आणि कर का भरू? शिवाय कर्जखात्यावर सुरक्षारक्षकाचा खर्च टाकला आहे.
— कर्जदार, पुणे

तुमचा राग समजतो. पण सदस्य म्हणून नाव तुमचे आहे आणि कराच्या बिलावरही तुमचेच. ही देणी थांबत नाहीत. आणि ती तुमच्याच खिशातून जातात, बँकेच्या नाही. सरफेसी कायद्याच्या कलम १३(७) प्रमाणे विक्रीच्या पैशातून आधी बँकेचा खर्च, मग कर्ज, आणि उरलेले पैसे ज्याचा हक्क आहे त्याला मिळतात. थकबाकी वाढली की बोली घटते, बोली घटली की तुमच्याकडे येणारी शिल्लक घटते. विक्रीतून कर्ज फिटले नाही तर उरलेल्या रकमेसाठी बँक तुमच्यामागे येऊ शकते.

सुरक्षारक्षकाचा खर्च बँक लावू शकते, पण तो 'योग्य रीतीने केलेला' असायला हवा. कोणत्या एजन्सीला, किती दिवसांसाठी, कोणत्या दराने पैसे दिले याची बिले मागा. गेटवर सोसायटीचाच वॉचमन असलेल्या इमारतीत एका फ्लॅटसाठी चोवीस तास रक्षक दाखवला असेल, तर ती बाब लेखी आक्षेप घेण्यासारखी आहे. ताब्याविरुद्ध दाद मागायची तर कलम १७ खाली कर्जवसुली न्यायाधिकरणात ४५ दिवसांच्या आत. राज्यात ही न्यायाधिकरणे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. आणि पूर्ण रक्कम भरून घर सोडवायचे असेल तर लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होण्याआधी भरा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर, लिलाव पार पडेपर्यंत वेळ आहे या समजुतीवर राहणाऱ्यांनी घरे गमावली आहेत.

सामान आत राहिले असेल तर पंचनाम्याची प्रत मागा आणि ते नेण्यासाठी तारीख लेखी मागा. त्या दिवशी वीज मीटरच्या आकड्याचा फोटो घ्या, मेन स्विच आणि गॅसचा कॉक बंद करा, फ्रीज रिकामा करून दार उघडे ठेवा.

प्रश्न : कल्याणला बँकेच्या ई-लिलावात फ्लॅट बाजारभावापेक्षा स्वस्त दिसतो आहे. जाहिरातीत 'जसे आहे जेथे आहे' लिहिले आहे. मागची थकबाकी माझ्या गळ्यात पडेल का?

पडेल असे धरूनच बोली ठरवा. त्यामागचे कारण समजून घ्या. सरफेसी कायद्याच्या २४ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या कलम २६ई प्रमाणे, केंद्रीय नोंदवहीत तारण नोंदवलेल्या बँकेचा हक्क सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या करांच्याही आधी येतो. म्हणजे विक्रीच्या पैशातून बँक आधी आपले कर्ज वसूल करते, महापालिकेचा कर भरून घर 'स्वच्छ' करून देत नाही. महापालिकेचा कर मात्र कायद्याने मालमत्तेवरचा बोजा असतो, माणूस बदलला तरी घर तिथेच आहे. बोजाची माहिती नसलेल्या लिलाव-खरेदीदाराला संरक्षण देणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९७१ चा अहमदाबाद महापालिकेचा निकाल अनेक जण दाखवतात. आज त्याचा आधार घेणे कठीण आहे, कारण जाहिरातच 'सर्व देणी खरेदीदाराची' असे सांगते आणि कराची बाकी ऑनलाइन दिसते. माहिती नव्हती असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

बयाणा रक्कम भरण्यापूर्वी चार आकडे हातात असू द्या. सोसायटीकडून लेखी थकबाकी पत्रक, मोठ्या दुरुस्तीची वर्गणी आणि प्रलंबित स्ट्रक्चरल ऑडिट धरून. महापालिकेचे कराचे बिल. वीजबिल, ग्राहक क्रमांक मीटरवर असतो. आणि हस्तांतरणाचा खर्च, ज्यात महापालिका क्षेत्रात प्रीमियम जास्तीत जास्त २५,००० रुपये.

कर बाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते, ती लोक विसरतात. वार्षिक बिल २४,००० रुपये असेल आणि तीन वर्षे भरले नसेल, तर मुद्दल ७२,००० आणि शास्ती ढोबळमानाने ३४,५६० रुपये, एकूण लाखाच्या वर. वर दिलेला सोसायटीचा हिशेब यात मिळवला तर पावणेतीन लाखांच्या आसपास जातो. राखीव किंमत बाजारभावापेक्षा कमी का दिसते, याचे अर्धे उत्तर तिथे आहे.

विजेच्या बाबतीत थोडा दिलासा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२३ च्या निकालात, नियमांत तशी तरतूद असेल तर वीज कंपनी जुनी बाकी नव्या मालकाकडून मागू शकते असे सांगितले. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेत ती तरतूद आहे, पण कायदेशीर वारस सोडून इतरांसाठी कमाल सहा महिन्यांच्या बाकीपुरतीच. काउंटरवर पूर्ण रक्कम मागितली तर संहितेचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या.

बोली जिंकलात तर बयाणा धरून २५ टक्के त्याच दिवशी किंवा पुढच्या कामाच्या दिवशी, उरलेले विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने लेखी मुदतवाढ दिली तरी एकूण तीन महिन्यांपलीकडे नाही. चुकलात तर भरलेले पैसे जप्त होतात. गृहकर्जावर अवलंबून असाल तर मंजुरी आधी घ्या. नियम ९(७) खाली, बोजा फेडण्याइतकी रक्कम अधिकाऱ्याकडे भरण्याची परवानगी मागता येते. तो विचारल्याशिवाय सुचवत नाही, म्हणून विचारा. आणि विक्री प्रमाणपत्रात माहीत असलेल्या बोज्यांसह की बोज्यांविना, हे स्पष्ट लिहून घ्या. घर सांकेतिक ताब्यातच असेल तर आतल्या माणसांना बाहेर काढण्याचा काळही तुमच्या हिशेबात धरा. पहिल्यांदा घर घेणाऱ्याने असे घर घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : माझे न्यू जर्सीतील घर फोरक्लोजरमध्ये आहे. मी घर सोडले, पण गवत वाढल्याबद्दल टाउनशिपची नोटीस मलाच आली.

न्यू जर्सीत फोरक्लोजर, म्हणजे कर्ज थकल्यावर तारण घर विकून वसुली करण्याची प्रक्रिया, न्यायालयातून होते आणि शेरिफच्या (स्थानिक कायदा अधिकाऱ्याच्या) लिलावापर्यंत नाव तुमचेच राहते. घर सोडणे म्हणजे मालकी सोडणे नव्हे. पण तिथे भारतात नसलेली एक सोय आहे. २०१४ च्या राज्य कायद्याने टाउनशिपला (तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेला) वटहुकूम, म्हणजे स्थानिक नियम, करून रिकाम्या घराच्या बाहेरील देखभालीची जबाबदारी फोरक्लोजरचा दावा लावणाऱ्या कर्जदात्यावर टाकता येते. नोटिशीनंतर ३० दिवसांत दोष दूर केला नाही तर रोज १,५०० डॉलर दंड, धोका तातडीचा असेल तर ही मुदत १० दिवसांची. बाहेरच्या राज्यातल्या कर्जदात्याने स्थानिक प्रतिनिधी नेमला नाही तर रोज २,५०० डॉलर. न्यूयॉर्कमध्येही २०१६ पासून रोज ५०० डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे. आपल्याकडे नियम ८ बँकेला काळजी घ्यायला सांगतो, पण न घेतल्यास दररोज लागणारा दंड नाही. डोंबिवलीच्या सचिवांना चौदा महिने पत्रे लिहावी लागतात ती याच उणिवेमुळे, आणि ती भरून काढली पाहिजे.

तुम्ही टाउनशिपच्या कोड एन्फोर्समेंट (नियम-अंमलबजावणी) अधिकाऱ्याला घर रिकामे असल्याची तारीख, दाव्याचा न्यायालयीन (डॉकेट) क्रमांक आणि कर्जदात्याच्या वकिलाचा पत्ता लेखी कळवा आणि वटहुकूम लागू आहे का ते विचारा. उत्तर येईपर्यंत गवत कापून घ्या, कारण एका कापणीचा खर्च कोर्टाच्या एका तारखेपेक्षा कमी असतो. हिवाळ्याआधी पाण्याचा मेन व्हॉल्व्ह बंद करून सगळे नळ उघडून लाइन रिकामी करा, नाहीतर पाइप गोठून फुटतील. विमा कंपनीलाही घर रिकामे असल्याचे कळवा. बऱ्याच पॉलिसींत ठरावीक दिवसांहून जास्त काळ रिकाम्या राहिलेल्या घराच्या तोडफोडीचे संरक्षण संपते.